हाकेचं पाणी

तुळजानं आणलेला पाण्याचा पेला कमळानं हातानंच बाजूला सारला, पिशवीतून आपली बाटली काढली, तोंड न लावता वरूनच दोन घोट घेतले आणि झाकण घट्ट फिरवून ती परत पिशवीत ठेवली. झालं एवढंच. कुणाला सांगायला गेलं तर लोक म्हणतील, बरं मग? पण समोर सोफ्यावर बसलेल्या केसरीनाथला ते लागलं. सख्खी थोरली बहीण, वैशाखाच्या भर उन्हात गावाहून टेमघरपर्यंत रिक्षानं आलेली, आणि भावाच्या घरचं पाणी तिला चालत नाही! गावात वैऱ्याच्या दारात गेलं तरी माणूस आधी तांब्याला हात लावतो. पाणी नाकारलं म्हणजे सगळंच नाकारलं. "फिल्टरचं हाय गं ताय, थंड हाय," त्याची बायको तुळजा म्हणाली. "असूंदे. माज्याजवल हाय," कमळा म्हणाली आणि पदरानं मान पुसत पंख्याखाली सरकली. तुळजानं पेला उचलून आत नेला. तिला काहीच वाटलं नव्हतं, म्हातारपणी माणसं अशी करतातच, असा तिचा चेहरा. केसरीनाथ मात्र त्या काचेच्या टीपॉयवर पेल्याच्या बुडानं उमटलेल्या ओल्या गोलाकडे बघत राहिला. तो गोल वाळून जाईपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही. वर्ष होत आलं होतं त्या सव्वीस जुलैच्या पुराला, पण कमळा समोर आली की केसरीनाथला अजून तिचा चेहरा दिसायच्या आधी तिच्या घराची भिंत दिसायची. त्या दिवशी डोंगरावरून आलेलं पाणी ओहोळानं खाली आलं, ते त्याच्या गोदामाच्या कंपाउंडपाशी अडलं आणि मागे वळून कमळाच्या आळीत शिरलं. ओहोळ त्यानं बंद केला होता का? छे, छे! बंद कसला? 'खालून सोडलाय,' असं तो सगळ्यांना सांगायचा, इतक्या वेळा की आता ते वाक्य आपोआप तोंडातून पडायचं. राहनाळच्या बाजूला गोदामं उठायला लागली तेव्हा बापाची भातशेती त्यानं मुरुमाच्या भरावानं उचलून घेतली, मधून जाणाऱ्या ओहोळात सिमेंटचा पाइप टाकला, वरून सपाट केलं आणि गाळे बांधले. पाइप त्यातल्या त्यात स्वस्तातला, म्हणजे अरुंद. आणि मुरुम तरी कुठला? त्याच डोंगराचा. ज्या डोंगरानं पावसाचं पाणी जरा धरून ठेवावं, झिरपवत झिरपवत खाली सोडावं, तोच डोंगर खरवडून त्यानं त्या पाण्याच्या वाटेत आणून ओतला होता. हे असं सलग, एका दमात, त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. डोंगर वेगळा, ओहोळ वेगळा, शेत वेगळं, खाडीवरचा बांध वेगळा, असे त्याचे वेगवेगळे व्यवहार झाले होते, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांशी. त्या दिवशी पाण्यानं ते सगळं एकाच दुपारी जोडून दाखवलं. पाइपाच्या तोंडाशी लूमच्या कारखान्यातल्या चिंध्या, सुताचे गुंते, प्लास्टिक, सगळं येऊन बसलं, आणि कमळाचं चुलीवरचं भांडं तरंगत अंगणात आलं म्हणे. म्हणे, कारण तो बघायला गेला नव्हता. आधी रस्ते बंद होते म्हणून नाही. मग पोराला, प्रितेशला, तापाची कणकण होती म्हणून नाही. मग बराच उशीर झाला म्हणून नाही. पोरासोबत धान्य आणि चादरी धाडल्या, त्या कमळानं ठेवून घेतल्या. ती बोलली काहीच नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

"उद्या काम हाय," कमळा म्हणत होती. "सांगाया आयले. खाडीच्या बांधापासून ओहोल उपशीत वर यायचा. तुज्या भिंतीपर्यंत. म्होरं काय ता तू सांग. सावलारामनी इचारलाय."

"बघू," केसरीनाथ म्हणाला. हा त्याचा ठेवणीतला शब्द. तो गावच्या पाणलोट समितीचा अध्यक्ष होता! हे आठवलं की एकटा असतानाही त्याला कानशिलं तापल्यासारखी वाटायची. पुरानंतर सरकारी योजना आली, डोंगरावर चर खणायचे, झाडं लावायची, ओहोळ मोकळा करायचा, बांध दुरुस्त करायचा. समिती हवी, समितीला अध्यक्ष हवा, आणि अध्यक्ष कोण तर ज्याची जमीन मोठी तो. हार घातला, नारळ दिला. मग शाळेच्या व्हरांड्यात पहिली सभा. तनया नावाची ठाण्याहून आलेली तरुण इंजिनीअर मुलगी, चष्म्यावर धूळ बसलेली, भिंतीला नकाशा लावून बोलत होती. डोंगरमाथ्यावर पडलेला थेंब खाडीपर्यंत कसा जातो ते बोटानं दाखवत होती. बोट खाली आलं, आलं आणि थांबलं. निळी रेघ एके ठिकाणी तुटली होती आणि थोडी मोकळी जागा सोडून पुन्हा सुरू झाली होती. "इथे मधे काय आहे?" तिनं अगदी साधेपणानं विचारलं. केसरीनाथ पहिल्या रांगेत, गळ्यात अजून झेंडूचा हार. त्यानं घसा साफ केला, पण आवाज फुटायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "तिथं पानी खालून जातंय, म्याडम." आणखी कुणी म्हणालं, "हां, पाइप हाय." तिसरा म्हणाला, "काय तरास न्हाय त्याचा." ज्यांच्या घरात कंबरेएवढं पाणी शिरलं होतं तीच ही माणसं! कुणाचा पोरगा त्याच्या गाळ्यावर हमाली करायचा, कुणाचा टेम्पो तिथं लागायचा, हे खरंच. पण नुसतं तेवढंच नव्हतं. त्याच्या, केण्यांच्या, घराची झाकली मूठ गावानं बाहेरच्या बाईसमोर उघडू दिली नव्हती. त्यांनी त्याच्यावर पांघरूण घातलं, आणि त्या पांघरुणाखाली त्याचा जीव गुदमरला. त्याला उठून सांगता आलं असतं. मधे मी आहे, एवढंच सांगायचं होतं. त्यानं हाराचं एक फूल कुस्करलं आणि सगळ्यांना चहा सांगितला.

"तू येशील का?" कमळानं विचारलं. तिचा हात पिशवीतल्या बाटलीवर होता. आणि त्या हाताकडे बघता बघता केसरीनाथला एकदम आठवलं. अरे, बांध! उद्या बांधाचं काम! बाबा असाच हिंडायचा नाही का, वैशाखातल्या त्या शनिवारी, पाण्यानं भरलेला वाळका दुधी भोपळा खांद्याला लटकवून? एकदा तर लग्नाला गेला होता अंबाडीला, तिथं मांडवात यजमान हाताला धरून सरबत पाजायला बघताहेत आणि बाबा आपला भोपळा वर करून घटाघट पाणी पितोय, आणि सगळी माणसं हसताहेत. कारण गावचा नियमच तसा होता. पावसाळ्याआधी बांध लिंपायला घरटी एक माणूस. सकाळी बांधावरून एकेका घराची हाक व्हायची, 'केण्यांचा घर!', आणि त्या घरच्या माणसानं चिखलात उभं राहून 'हाय!' म्हणायचं. जो हाकेला उत्तर देणार त्यानं आदल्या दिवसापासून काम संपेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ज्या घरची हाक, त्या घरचं पाणी. बाबा सांगायचा, बांध फुटला तर खाडीचं खारं पाणी घर बघून आत येत नाही, पण माणूस मात्र घर बघून कामाला येतो. म्हणून ज्या घरासाठी उभा राहशील ते आधी पोटात असूंदे. केसरीनाथ त्याच्या मागं मागं चालायचा, भोपळ्यातलं पाणी डुचमळायचं तो आवाज ऐकत. त्या पाण्याला जराशी कडवट चव असायची, आणि बाबा एक घोट त्यालाही द्यायचा, म्हणायचा, घे, अर्धी हाक तुझी.

म्हणजे एवढंच होतं तर! केसरीनाथच्या छातीवरचा धोंडा उतरला. ताय रागावलेली नव्हती. तिनं पाणी नाकारलं नव्हतं, रीत पाळली होती. माणसाला हायसं वाटलं की जीभ सैल सुटते. तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आत्ता आलं ध्यानात! बाटली घेऊन हिंडतेस होय? अगं, पण मी तर ऐकतो, दरसाल तुझ्या घराची हाक खाली पडते. सावळाराम ओरडतो आणि कुणी हाय म्हणत नाही. यंदा तरी दे बाई उत्तर, नाहीतर सासरचं, भोइरांचं, नाव बुडवशील." आतून तुळजाही हसली. कमळानं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, दुःखानंही नाही, एखाद्या वस्तूवर धूळ किती बसलीय ते बघावं तसं. "पडते खरी," ती म्हणाली, आणि आधीच घट्ट असलेलं झाकण तिनं पुन्हा एकदा फिरवलं. "आनि आपल्या घरची?" तिनं विचारलं. "बाबाच्या?"

"मी माणसं पाठवतो ना दरसाल! गाळ्यावरची चांगली दणकट माणसं पाठवतो, घमेली-फावडी देऊन."

"हां. येतान मानसा," कमळा म्हणाली. आणि उठली. जेवायला थांब म्हटलं तर नाही म्हणाली, रिक्षापर्यंत प्रितेश सोडेल म्हटलं तर नाही म्हणाली. दारात तिनं चपला घालताना भिंतीला हात टेकला, आणि केसरीनाथला दिसलं की तिच्या पायाची नखं अजून तपकिरी आहेत, चिखलात राबणाऱ्या माणसाची. आपली कधी पांढरी झाली ते त्याला आठवेना.

संध्याकाळी प्रितेशनं विषय काढलाच. "पप्पा, भिंत फोडायचं कबूल बिबूल करू नका हां. ओहोळ उघडा केला की ट्रक वळणार कुठे? पार्टी गाळा सोडून जाईल." पोरगा काही वाईट नव्हता, बापानं शिकवलेलंच बोलत होता. केसरीनाथ बघू म्हणाला. मग एकदम म्हणाला, "उद्या मी जातो." का म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. दुपारचं ते आपलं हसणं त्याच्या कानातून जात नव्हतं. कमळा 'पडते खरी' म्हणाली त्यात काहीतरी राहून गेलं होतं, दातात अडकलेल्या मच्छीच्या काट्यासारखं, जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जात होती.

सकाळी त्यानं गाडी गावात आणली ती सरळ बांधाकडे न नेता जुन्या घराकडे वळवली. उत्तर द्यायचं तर बाबाच्या विहिरीचं पाणी, उशिरा का होईना, प्यायला हवं, असा विचार होता त्याचा. रीत म्हणजे रीत. घरात आता लूमवर काम करणारे भाडेकरू राहत. रात्रपाळी करून आलेला एक जण अंगणात दात घासत होता, मालक बघून त्यानं लगबगीनं चूळ भरली. केसरीनाथनं पोहरा मागितला तसा तो हसून म्हणाला, "आज आप भी, सेठ? कल मौसी आई थीं। बोतल भरके ले गईं।"

"कौन मौसी?"

"आपकी बहन। हर साल आती हैं ना, बारिश के पहले। अपने घर का नहीं, इसी कुएँ का पानी ले जाती हैं। हमने पूछा, तो बोलीं, बाप के घर का काम है।"

पोहरा केसरीनाथच्या हातात तसाच राहिला. विहिरीत वाकून त्यानं पाहिलं तर खाली काळं पाणी आणि त्यात त्याचं डोकं. ज्या घरची हाक, त्या घरचं पाणी. आणि बाबाचाच दुसरा शब्द: एका तोंडानं एकच घर. भाड्याची माणसं घमेली वाहतील, पण हाकेला उत्तर देऊ शकत नाहीत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं ते सोयीनं विसरून टाकलं होतं. मग इतकी वर्षं 'केण्यांचा घर' म्हटल्यावर कोण 'हाय' म्हणत होतं? विधवा बाई, घरात एकटी, दुसरं माणूस नाही. तिनं आपल्या तोंडानं बापाचं घर उभं ठेवलं आणि स्वतःच्या घराची हाक खाली पडू दिली. गावासमोर, दरसाल. आणि काल तो हसला होता! स्वतःच्या सोफ्यावर बसून, मांडी हलवत, तिचं नाव काढून हसला होता. आई गं! मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला त्या विहिरीच्या काठावर कळलं. पाणी प्यायची त्याची हिंमत झाली नाही. पोहरा त्यानं तसाच कठड्यावर ठेवला. "पिया नहीं, सेठ?" भाडेकरूनं विचारलं. तो गाडीकडे वळला.

बांधावर सगळे जमले होते. उपसा सुरू व्हायच्या आधीचा तो गलका, घमेल्यांचे आवाज, कुणाची तरी थट्टा. ओहोळातला चिखल काळा होता, त्यावर रंगाऱ्यांच्या कारखान्यातल्या पाण्याची जांभळट साय आली होती, आणि भरतीआधीच्या खाडीचा वास सगळीकडे. केसरीनाथ गाडीशी उभा राहिला, पायात बूट, अंगावर इस्त्रीचे पांढरे कपडे. लोकांनी राम राम केला, जरा बाजूला सरून वाट दिली. कुणी 'अध्यक्ष' म्हणालं. सावळाराम, बांधाचा जुना हाकारी, दगडावर चढला आणि त्यानं आळीच्या सुरुवातीपासून घरं घ्यायला सुरुवात केली. एकेक 'हाय' उठत होतं.

"केण्यांचा घर!"

त्यानं तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण त्याच्या आत त्या घरचं पाणी नव्हतं, आणि सगळं गाव खाली चिखलात उभं असताना वर गाडीशी उभं राहून तो शब्द निघेना. तेवढ्यात खालून, गुडघाभर चिखलातून, लुगड्याचा काचा मारून उभ्या असलेल्या कमळानं, त्याच्याकडे न बघता, नेहमीच्या कामाचं काहीतरी आटपावं तसं म्हटलं, "हाय."

कुणी दचकलं नाही. कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सगळ्यांना माहीत होतं, वर्षानुवर्षं माहीत होतं, एक तोच काय तो नव्याने ऐकत होता. सावळाराम पुढच्या घराकडे गेला, मग त्याच्या पुढच्या, आणि मग म्हणाला, "कमळा भोइरीनीचा घर." ही हाक त्यानं इतर हाकांपेक्षा हळूच दिली, जशी पडायचीच आहे म्हणून. थांबलाही नाही तो फारसा.

"हाय," केसरीनाथ म्हणाला.

आता मात्र माना वळल्या. सावळारामनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. कमळानं पाहिलं. बांधाच्या उघाडीच्या फळीवर, त्या लाकडी दारावर, पाणी चुबुक चुबुक आपटताना ऐकू आलं. सावळाराम रागीट माणूस नव्हता. त्यानं नियमाप्रमाणे विचारायचं ते विचारलं. "कमळाच्या घरचा पानी पिलास?"

केसरीनाथला वाटलं, हो म्हणावं. बहिणीच्या घरचं पाणी, कोण तपासणार? आणि हो म्हटलं असतं तर गावानं ते मान्यही केलं असतं, पाइप मान्य केला तसं, पांघरूण घातलं असतं. तेच तर. ते पांघरूण येताना त्याला दिसलं, आणि ते यायच्या आत तो घाईनं बोलला. "न्हाय. पिलो न्हाय. पूर आल्यापासून मी तिच्या घरी गेलोच न्हाय." गावचा 'न्हाय' त्याच्या तोंडात किती वर्षांनी आला होता! तो असा सगळ्यांसमोर बाहेर पडला आणि त्याला आपले कपडे उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

सावळारामनं कमळाकडे पाहिलं. कमळानं चिखलातला पाय काढून दुसरीकडे रोवला. "मंग जा," सावळाराम म्हणाला. "पिऊन ये. आमी थांबतो."

सगळं गाव थांबलं. घमेली खाली ठेवली. केसरीनाथ चालायला लागला. कमळाचं घर वरच्या अंगाला, आणि मधे त्याचं कंपाउंड, त्याला वळसा घालून जावं लागत होतं. आजवर तो गाडीतून फाटकाने आत गेला होता. आपली भिंत पायी चालायला किती लांब आहे ते त्याला ठाऊकच नव्हतं. संपेचना ती. पाठीमागून कुणी हाक मारत नव्हतं, बोलत नव्हतं, आणि सगळे आपली पाठ बघताहेत हे त्याला मानेवर कळत होतं.

कमळाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरल्याबरोबर भिंतीवरची पुराची रेघ समोर आली, देवाच्या कोनाड्याच्याही वर गेलेली. तिनं वर्षभरात ती पुसली नव्हती की सारवली नव्हती. जमिनीवरची मांडणी विटांवर उचललेली. कोपऱ्यात माठ. त्यानं तांब्या बुडवला आणि तोंडाला लावला. पाणी खारट होतं, आणि खारटपणाच्या मागून काहीतरी उग्र, रंगाच्या बादलीसारखं. पूर रंगाऱ्यांच्या कारखान्यांतलं पाणी घेऊन तिच्या विहिरीत शिरला होता, त्यानंतर ते असंच राहिलं असणार. हे पाणी ती रोज पीत होती. त्याला उमासा आला, थुंकावं म्हणून तो दाराकडे वळला, आणि दारातून समोर त्याला आपल्याच गोदामाची भिंत दिसली, खाली पाइपाचं बुजलेलं तोंड, चिंध्यांनी भरलेलं. त्यानं गिळलं. पूर्ण तांब्या प्यायला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यानं पुसलं नाही, कुणी बघायला नव्हतं म्हणून नव्हे. पुसायचं सुचलंच नाही.

पडवीत कमळाची पहार टेकून ठेवलेली होती. बूट काढून तो ओहोळात उतरला. भिंतीपाशी जाऊन उभा राहिला तेव्हा पलीकडून, गाळ्यांच्या पत्र्यांवरून, सावळारामची हाक आली. बहुधा त्याला वेळ लागला म्हणून, किंवा नियमच तसा म्हणून, पुन्हा एकदा, या वेळी पूर्ण गळ्यानं.

"कमळाचा घर!"

"हाय!" केसरीनाथ भिंतीच्या अलीकडून ओरडला, आणि पहार भिंतीत घातली.